कर्ण मोजायचा राहिला

उंची मोजली होती. रुंदी मोजली होती. खोलीही मोजली होती, म्हणजे कपाटाची आणि आईच्या खोलीची, दोन्ही. आईच्या खोलीत दाराशेजारच्या भिंतीवर माळा आहे, जमिनीपासून सात फुटांवर, म्हणजे २१३ सेंटीमीटर आणि वर थोडं. कपाट २१० सेंटीमीटरचं. वर दोन बोटं जागा उरते, तेव्हा माळ्याखाली ते नेमकं बसेल यावर ताईचं आणि माझं एकमत झालं. आमचं एकमत होणं ही गोष्टच इतकी विरळा, की खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

शनिवारी कपाट आलं ते तीन चपट्या खोक्यांतून. कुठल्याही खोक्याची जाडी वीतभरापेक्षा जास्त नव्हती. वजन सगळं मिळून ९० किलोच्या आसपास. आईने खोक्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुम्हा दोघांना गणपतीचं मखर तरी कधी एका दिवसात लावता आलंय का? सुताराला बोलावलं असतं तर बरं झालं असतं. चहा प्यायला घरात कोणी माणूस तरी आलं असतं.”

आईचं सुतारप्रेम नुसतं आठवणींचं नाही. घरी येऊन काम करणारा सुतार आधी घराला विचारतो आणि मग लाकडाला. आमच्या जुन्या घरी मिस्त्री महिनाभर गॅलरीत ठाण मांडून बसले होते. भिंत अर्धा इंच पोटात गेली आहे हे त्यांनी गुण्या लावून पाहिलं आणि कपाटाची एक बाजू तेवढी तिरकी कापली. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भिंतीला ते कपाट बसलं नसतं. खोक्यातून येणाऱ्या कपाटाचं उलट असतं. ते सगळ्यांच्या घरांसाठी केलेलं, म्हणून कुणाच्याच घरासाठी केलेलं नसतं. फळ्या कापणं, भोकं पाडणं, कडा मढवणं ही नव्वद टक्के मेहनत कारखाना करतो. उरलेली दहा टक्के तुमच्यावर सोडतो, आणि घराशी गाठ पडते ती नेमकी त्या दहा टक्क्यांत.

तसं सुट्या भागांचं सामान आपल्याकडे नवं नाही. मखर आहेच. लाकडी पाळणा हे तर त्याचं अस्सल उदाहरण. बारसं झालं, मूल रांगायला लागलं, की पाळण्याच्या दांड्या, पट्ट्या आणि साखळ्या सुट्या करून धोतरात बांधायच्या आणि माळ्यावर टाकायच्या. पुढच्या बाळंतपणाला गाठोडं खाली. ताईनंतर चार वर्षांनी मी त्याच पाळण्यात झोपलो. तिच्या म्हणण्याप्रमाणे तो जोडायला तिने बाबांना मदत केली होती. चार वर्षांच्या मुलीने काय मदत केली असेल, हे मी विचारत नाही.

युरोपात या कल्पनेचा मोठा धंदा झाला, तोही भावंडांच्याच नावाने. मायकेल थोनेट या कारागिराने बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं तंत्र पक्कं केलं आणि १८५३ साली व्हिएन्नातला व्यवसाय आपल्या पाच मुलांच्या नावावर केला. कंपनीचं नावच पडलं ‘गेब्रुडर थोनेट’, म्हणजे थोनेट बंधू. १८५९ साली त्यांची १४ नंबरची खुर्ची आली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, बस्स. जोडलेली खुर्ची म्हणजे बहुतांशी हवाच. सुटी केली तर एक घनमीटरच्या पेटीत अशा ३६ खुर्च्या मावत. पेट्या बोटीने जगभर जात आणि जोडणी पोहोचलेल्या गावी होई. मुंबईतल्या जुन्या इराण्याकडे बनमस्का खाताना आपण ज्या गोल पाठीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांवर बसतो, त्या याच घराण्यातल्या. त्या खुर्चीला उलटं करून बुडाशी पाहिलं तर स्क्रू दिसतात. मी पाहिले आहेत. गल्ल्यावरच्या मालकांना ते आवडलं नव्हतं.

पुढचा टप्पा स्वीडनचा. १९५६ साली आयकियातला गिलिस लुंडग्रेन हा तरुण नोकर एक टेबल मोटारीत घालायला लागला, ते मावेना, तेव्हा त्याने पाय काढले. त्यातून सगळंच सामान चपट्या खोक्यात घालायची पद्धत रुळली, ही गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे. त्या दुकानाने २०१८ साली हैदराबादेत आणि २०२० साली नवी मुंबईत तुर्भ्याला दार उघडलं, तोवर आपल्याकडच्या कितीतरी कंपन्या तशी खोकी विकू लागल्या होत्या. आमचं कपाट अशाच एका कंपनीचं.

खोक्यातली फळी म्हणजे लाकूड नव्हे, हे आधी समजून घ्यायला हवं. ती पार्टिकल बोर्ड असते. लाकडाच्या बारीक ढलप्या आणि चुरा राळेत मिसळून, गरम दाबाखाली थापून केलेली लाकडाची वडीच म्हणा. जर्मनीत १९३०च्या दशकात माक्स हिमेलहेबर याने लाकूड वाया जाऊ नये म्हणून ही वाट शोधली. वडीचे दोन्ही पृष्ठभाग घट्ट आणि मधला भाग भुसभुशीत. खऱ्या लाकडात तंतू असतात, स्क्रूचे आटे त्यांना धरून ठेवतात. इथे तंतूच नाहीत. एकदा घातलेला स्क्रू काढून पुन्हा घातला की भोक मोठं झालेलं, चुरा सांडलेला आणि स्क्रू फुकट फिरतोय. आपले सुतार या बोर्डाला नाक मुरडतात ते याचसाठी. (ओल लागली की ते फुगतं, हे दुसरं कारण. लादी पुसताना कपाटाच्या बुडाशी पाणी साचू देऊ नये, एवढं पथ्य पाळलं तर कोकणातसुद्धा ते टिकतं.)

मग ज्या फळीत स्क्रू धड टिकत नाही, तिचं सात फुटी कपाट उभं कसं राहतं? इथे एक छोटासा, हुशार भाग कामाला येतो. कारखान्यातली माणसं त्याला कॅम लॉक म्हणतात, आपले मॉड्युलर काम करणारे मिस्त्री सरसकट ‘मिनीफिक्स’ म्हणतात. एका फळीत बारीक मानेचा आणि डोकं असलेला बोल्ट बसवायचा. दुसऱ्या फळीत १५ मिलिमीटर व्यासाचं गोल भोक असतं, त्यात जस्ताच्या मिश्रधातूची जाड चकती ठेवायची. चकतीच्या पोटात एक खाच असते आणि ती मध्यापासून सारख्या अंतरावर नसते, शंखासारखी हळूहळू सरकत जाते. बोल्टचं डोकं त्या खाचेत शिरलं आणि चकती अर्धी फिरवली, की सरकती खाच डोक्याला आत आत ओढते. दोन फळ्या एकमेकींवर करकचून बसतात. चकतीचा जोर पडतो तो भोकाच्या अख्ख्या भिंतीवर, आट्यांच्या धारेवर नाही. म्हणून भुसभुशीत बोर्डही तो सोसतं, आणि घर बदलताना चकती उलटी फिरवून कपाट सुटंही होतं. चकतीवर बाण असतो. फिरवण्यापूर्वी बाणाचं तोंड बोल्ट जिथून येतो त्या भोकाकडे हवं. ते नसेल तर चकती फिरते, आपल्याला वाटतं बसली, आणि आत डोकं धरलेलंच नसतं. आमच्या पहिल्या आठ चकत्यांपैकी तीन अशा फसव्या बसल्या होत्या. आणि घट्ट वाटल्यावर आणखी एक पिळा द्यायचा मोह आवरावा. जस्त ठिसूळ, तुकडा पडतो.

मिनीफिक्सच्या जोडीला लाकडी खुंट्या असतात, बोटाच्या दोन पेरांएवढ्या. त्या ओढत नाहीत, फळी जागची हलू देत नाहीत, इतकंच. जुन्या सुतारकामात खाच-कुसूचा सांधा ही दोन्ही कामं एकटाच करी. आता ओढायचं काम धातूचं आणि जागेवर धरायचं काम लाकडाचं, अशी वाटणी झाली आहे. सोबत येते ती सहा कोनांची एल आकाराची किल्ली, म्हणजे ॲलन की. तिच्यामागे अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या विल्यम ॲलनचं १९१०चं पेटंट आहे. तेव्हा फिरत्या शाफ्टवर चौकोनी डोक्याचे स्क्रू बाहेर आलेले असत, त्यांत कामगारांचे कपडे अडकत आणि माणसं ओढली जात. डोकंच आत दडवलं तर अपघात टळतो, म्हणून षटकोनी खड्ड्याचा स्क्रू. आज ती किल्ली घराघरांतल्या ड्रॉवरमध्ये गंजत पडलेली असते.

आता सूचनापत्रक. त्यात शब्द नसतात, चित्रंच असतात, म्हणजे ते कुठल्याही भाषेत न समजण्याची सोय आहे. आयकियाच्या पत्रकावर सुरुवातीलाच दोन चित्रं असतात: एकटा माणूस हिरमुसला होऊन उभा, त्यावर फुली, आणि शेजारी दोघे जण हसताहेत. आमच्या कंपनीने ती कल्पना उचलली होती. हसणाऱ्या दोघांमध्ये भांडण झाल्याचं चित्र मात्र कुणीच काढत नाही.

आमचं पहिलं भांडण पाचव्या पायरीला झालं. पत्रक मध्ये, ताई एका बाजूला, मी समोर. ती म्हणाली, “डावी फळी दे.” मी दिली. “अरे डावी!” ती डावीच होती, माझी. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली म्हणजे चित्र मनात फिरवायला वेळ लागतो. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ साली लोकांना घनांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून विचारलं, या दोन्ही एकच आहेत का? आकृती जितके अंश फिरलेली, तितका उत्तराला जास्त वेळ, अगदी सरळ रेषेत. साधारण सेकंदाला ६० अंश. मन आकृती खरोखरच फिरवून पाहत असावं, असा त्याचा अर्थ. म्हणजे पत्रकाच्या समोरच्या बाजूला बसलेल्या मला प्रत्येक चित्र १८० अंश फिरवावं लागत होतं. चाळीस पायऱ्या, प्रत्येक पायरीत पाच-सहा तुकडे. उपाय इतका सोपा की सांगायला लाज वाटते: दोघांनी एकाच बाजूला बसायचं.

दुसरी गोष्ट फिरवूनही सुटत नाही. कपाटाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या फळ्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात, चपलांच्या जोडासारख्या. लांबी, रुंदी आणि भोकांची संख्या तीच, तरी डावी फळी कशीही फिरवली तरी उजवी होत नाही, कारण मिनीफिक्सची भोकं एकाच अंगाला असतात. ओळखायची खूण ती एकच: आतल्या अंगाची भोकं आणि मढवलेली पुढची कड. ताईने दोन्ही फळ्यांवर मास्किंग टेप चिकटवली आणि पेनाने लिहिलं, ‘ताई’ आणि ‘तू’. त्यानंतर भांडण डाव्या-उजव्यावरून झालं नाही, दुसऱ्या कारणांवरून झालं.

आतल्या भोकांच्या उभ्या रांगेचीही एक गंमत आहे. ५ मिलिमीटरची ही भोकं एकमेकांपासून बरोबर ३२ मिलिमीटरवर असतात. युद्धानंतरच्या जर्मनीत रुळलेलं हे माप. एकाच वेळी अनेक भोकं पाडणाऱ्या यंत्रातली दातेरी चाकं त्याहून जवळ आणता येत नव्हती, असं त्याचं कारण सांगतात. यंत्राची अडचण जगाचं माप होऊन बसली. त्यामुळे एका कारखान्याची बिजागरी दुसऱ्याच्या दाराला चालते.

दुपारी जेवणानंतर कामाला लय आली. मी काही न बोलता हात पुढे केला आणि ताईने त्यात खुंटी ठेवली. असं का होतं, याचा अभ्यास झालेला आहे. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात म्हटलं की, एकत्र राहणारी माणसं आठवणी वाटून घेतात. सगळं सगळ्यांच्या डोक्यात नसतं. काय कुणाच्या डोक्यात आहे, हे मात्र दोघांनाही ठाऊक असतं. १९९५ साली डायेन लियांग, रिचर्ड मोरलँड आणि लिंडा आर्गोट यांनी हेच जोडणीच्या कामावर तपासलं. तिघातिघांच्या गटांना सुट्या भागांतून रेडिओ जोडायला शिकवलं, काहींना एकत्र आणि काहींना एकेकट्याने. आठवड्याने सगळ्यांनी गटात बसून रेडिओ जोडला, तेव्हा एकत्र शिकलेल्यांना जास्त पायऱ्या आठवल्या आणि त्यांच्या चुका कमी झाल्या. खरी मेख पुढच्या प्रयोगात आहे. एकत्र शिकलेल्यांची फाटाफूट करून त्यांना नव्या माणसांबरोबर बसवलं, तर तो फायदा उरला नाही. फायदा होता तो याला काय येतं आणि हा काय विसरतो, हे माहीत असण्याचा.

भावंडांनी हा अभ्यास लहानपणीच पुरा केलेला असतो. मी स्क्रू ताकदीने पिळतो आणि मोडतो, हे ताईला १९८३ पासून माहीत आहे. तिने त्या वर्षी माझ्या हातात सायकलचा पाना दिला होता. ती पायऱ्या मोजते आणि घाई आली की एखादी गाळते, हे मला माहीत आहे. दहाव्या पायरीनंतर आमची कामं न ठरवता वाटली गेली. पिळायची वेळ आली की किल्ली तिच्याकडे. पान उलटायची वेळ आली की पत्रक माझ्याकडे. मखराच्या वेळी हे जमत नव्हतं याचं कारण मखराला पत्रकच नव्हतं, असा आमचा बचाव आहे. आईला तो मान्य नाही.

आता कपाटातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू, जी दिसायला सगळ्यात फालतू असते: पाठ. खोक्यात ती घडी घालून येते, ३ मिलिमीटरचा पातळ तक्ता, हाताने वाकतो. अनेक जण ती चार खिळ्यांवर उरकतात. कपाट भिंतीला लागणार, पाठ कोण बघतंय? पण कपाट उभं असतं ते पाठीवर.

याचा पडताळा घ्यायचा तर खोकंच घ्या. वरची आणि खालची झाकणं उघडून दोन्हीकडून मोकळं करा, आणि कोपऱ्यावर बोट टेकवा. खोकं चटकन तिरकं होऊन जमिनीसारखं चपटं होतं. आता एकाच बाजूची झाकणं चिकटपट्टीने बंद करा. तेच खोकं, तोच पुठ्ठा, आणि ते हलत नाही. चार बाजू चार सांध्यांनी जोडल्या की चौकोनाला आपला आकार सांभाळता येत नाही. बाजूंची लांबी तीच राहते, पण कोन बदलतात आणि आयताचा समांतरभुज चौकोन होतो. बदलतं काय? कर्ण. एक कर्ण लांबतो, दुसरा आखडतो. कर्णाला बदलू दिलं नाही, की चौकोन जागच्या जागी उभा. कौलारू घराच्या कैचीत तिरपं लाकूड असतं ते त्यासाठीच, आणि कपाटाचा पातळ तक्ताही तेच करतो. वाकवला तर तो वाकेल, पण त्याच्याच पातळीत ओढला तर तो लांबत नाही. जणू असंख्य कर्ण शेजारी शेजारी ठोकलेले. मिनीफिक्स कितीही घट्ट पिळा, ती फळ्या जवळ आणते. कोन धरून ठेवायचं काम पाठीचं.

म्हणून पाठ ठोकण्यापूर्वीची पाच मिनिटं ही अख्ख्या दिवसाची पाच मिनिटं. कपाट पालथं, तोंड जमिनीकडे. बाबांची जुनी पोलादी टेप काढली. ताईने एक कोपरा धरला, मी समोरचा. आठवीच्या भूमितीतला सिद्धांत आहे: समांतरभुज चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे असतील तर तो आयत असतो. त्या वयात याचा उपयोग काय असं सरांना विचारल्याचं आठवतं. २१० बाय १२०च्या चौकटीचा कर्ण येतो २४१.९ सेंटीमीटर. आमचे आले २४२.५ आणि २४१.३. एवढ्याशा मापात जवळजवळ सव्वा सेंटीमीटरचा फरक, म्हणजे कपाटाचं डोकं साधारण तेवढंच एका बाजूला कललेलं. डोळ्याला दिसत नाही. दारं बसवली की दिसतं, कारण दोन दारांमध्ये मोकळी फट दोन-तीन मिलिमीटरचीच असते. मग लोक बिजागऱ्या पिळत बसतात आणि कंपनीला शिव्या देतात.

लांब कर्णाच्या टोकावर मी पायाने हलकेच रेटलं, ताई टेप धरून आकडा सांगत राहिली. २४२.१. थोडं अजून. २४१.९. दोन्ही सारखे. तिने श्वास रोखून धरला, मी आधी एका उभ्या कडेला खिळे ठोकले, पुन्हा कर्ण मोजले, मग उरलेल्या तीन कडा. एकट्या माणसाला हे जमणारच नाही असं नाही, पण टेपचं दुसरं टोक धरायला खिळा ठोकून ठेवावा लागतो, आणि खिळा आकडा सांगत नाही.

“कर्ण म्हटलं की मला आपला तोच आठवतो,” ताई खिळ्यांची पुडी गुंडाळत म्हणाली. “सख्खा भाऊ, पण पाचांनी कधी मोजलाच नाही.” मला ते त्या वेळी फारसं काही वाटलं नाही. दहा मिनिटांनी वाटलं.

कारण आता कपाट उभं करायचं होतं. ९० किलोंची वस्तू जमिनीवरून एका टोकाने उचलायला सुरुवातीला साधारण निम्मा भार लागतो, ४५ किलो, दोघांत साडेबावीस. जसजसं कपाट उभं होतं तसतसा भार कमी. एकट्याने उचललं तर हात एका कोपऱ्याला जातो, चौकट पिळली जाते आणि आत्ताच जमवलेले सांधे चुरचुरतात. म्हणून दोघांनी दोन कोपरे धरायचे आणि एका लयीत वर न्यायचं. आम्ही ‘गणपती बाप्पा’ म्हणून उचललं. बूड माळ्याखाली भिंतीशी टेकवलं होतं, म्हणजे उभं झालं की नंतर सरकवायचं काम नको, हा हुशारपणा माझा. तीन चतुर्थांश उभं झालं आणि वर ठक्‌ असा आवाज झाला. माळ्याच्या कडेचं प्लास्टर ताईच्या केसांत.

कपाट २१० सेंटीमीटर उंच आहे ते उभं असताना. उभं होताना ते वेगळ्याच उंचीचं असतं. बाजूची फळी २१० बाय ६०, तिचा एक कोपरा जमिनीला टेकलेला, आणि समोरचा कोपरा वळण घेताना बरोबर त्याच्या डोक्यावरून जातो. त्या क्षणी कपाटाची उंची म्हणजे त्या फळीचा कर्ण. २१०चा वर्ग ४४,१००, ६०चा वर्ग ३,६००, बेरीज ४७,७००, वर्गमूळ २१८ आणि थोडं. माळा २१३वर. पाठीचे दोन कर्ण आम्ही मिलिमीटरपर्यंत मोजले होते, हा तिसरा कुणी मोजला नव्हता. ताईने हे गणित खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांडून दाखवलं तेव्हा कपाट आम्ही परत आडवं केलं होतं आणि दोघंही त्यावर हात टेकून धापा टाकत होतो.

उपाय होता, आणि तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे: कपाट जिथे उभं राहणार तिथे उभं करायचं नाही. खोलीच्या मध्यावर, जिथे वर फक्त छत आहे तिथे उभं करायचं, मग बुडाखाली जुनी सतरंजी घालून सरकवत न्यायचं. त्यासाठी पलंग हलवावा लागला, पलंगावर आई बसली होती. घरात खाली उतरलेलं छत असेल, किंवा खोलीभर तुळई आडवी आली असेल, तर कपाट विकत घेण्याआधीच हे वर्गमूळ काढावं. काही कपाटं म्हणूनच उभी असतानाच जोडता येतील अशी बनवतात.

उभं केल्यावर त्याला भिंतीशी बांधायचं काम राहतं. खोक्यात त्यासाठी लहानशी पट्टी आणि प्लास्टिकचा प्लग असतो. बहुतेक घरांत तो पुडीतच राहतो, ड्रिलचा आवाज नको म्हणून. ते टाळू नये. उंच आणि उथळ कपाटाचं वजन पुढच्या कडेच्या जेमतेम मागे असतं. सगळे खण एकदम उघडले, किंवा त्यांना पायऱ्या समजून एखादं मूल चढलं, की ते वजन कडेच्या पुढे येतं आणि कपाट अंगावर. अमेरिकेत अशाने मुलं दगावली, आणि २०१६ साली आयकियाला तिथली खणांची जवळपास २ कोटी ९० लाख कपाटं बाजारातून मागे घ्यावी लागली. आमच्याकडे मुलं आता मोठी आहेत, पण ताईचा नातू सुट्टीत येतो आणि तो माळ्यापर्यंत चढतो.

संध्याकाळी कपाटाची किंमत काय असेल यावर घरात चर्चा झाली. आईने सांगितलेला आकडा आम्ही दिलेल्या पैशांच्या निम्मा होता. माझा जास्त होता, ताईचा माझ्याहूनही जास्त. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन ॲरिएली यांनी २०१२ साली छापलेल्या एका निबंधात हेच मोजलं आहे. साधी साठवणीची पेटी ज्यांनी स्वतः जोडली, त्यांनी तिच्यासाठी तयार पेटी पाहणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त पैसे द्यायची तयारी दाखवली. कागदाची घडी घालून पक्षी करणाऱ्यांना आपले वेडेवाकडे पक्षी तज्ज्ञांच्या पक्ष्यांच्या जवळपास किमतीचे वाटले. एक अट होती: काम पुरं झालेलं हवं. अर्धवट सोडलेल्या किंवा जोडून परत मोडलेल्या वस्तूवर हा जीव जडत नाही. आईने काही जोडलं नव्हतं. ती दिवसभर पलंगावर बसून आम्हाला कुठलं भोक कुठलं ते सांगत होती, आणि तिने सांगितलेली दोन बरोबरही निघाली होती. मग तिचा आकडा इतका कमी का, हे त्या निबंधातून कळत नाही.

दारं बसली. मधली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी. ताईने ती दोनदा उघडली आणि मिटली. आई काठी टेकत आली, एक दार उघडून आत वास घेतला, “राळ,” म्हणाली, मग मान वर करून कपाटाचं डोकं आणि माळा यांच्यामधली अंधारी फट पाहत राहिली.

“इथे हात जात नाही. पाल जाऊन बसली म्हणजे?”

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि टेप उचलली.